पानं गुंडाळली की आफ्रिका होत नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर आमच्या तालुक्यातल्या एका शाळेच्या स्नेहसंमेलनाचा फोटो आला. वेशभूषा स्पर्धेत नंबर काढलेली मुलं ओळीने उभी आहेत. एक मावळा, एक कोळीण, एक डॉक्टर. कडेच्या मुलाने कमरेला अशोकाची पानं सुतळीने बांधली आहेत, तोंडाला काजळी फासली आहे आणि हातात पुठ्ठ्याचा भाला धरला आहे. खाली ओळ आहे : ‘आफ्रिकन वेशभूषेतील विद्यार्थी’.

पोरगं गोड आहे, त्याला काही बोलायचं नाही. शाळेतल्या बाईंनाही फार दोष देणार नाही. संमेलनाच्या आदल्या रात्रीपर्यंत नाटकाचा पडदा, पाहुण्यांचे नारळ आणि पन्नास पोरांचं रंगकाम हे सगळं एकाच बाईच्या गळ्यात असतं, त्यात अशोकाची पानं फुकट मिळतात. पण ती फोटोखालची ओळ शाळेत लिहिली गेलेली नाही, ती आपल्या कचेरीत लिहिली गेली. म्हणून हे पत्र आपल्याला.

त्याच फोटोतल्या मुलीला आपण ‘पारंपरिक कोळी वेशभूषेत’ म्हटलं आहे. बरोबरच आहे. आमच्या हर्णै बंदरावर संध्याकाळी मासळीच्या लिलावाला जी बाई उभी असते तिचं लुगडं, तिचा काष्टा आणि तिचं नेसणं वेगळं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. तिचा फोटो छापून कुणी खाली ‘आशियाई वेशभूषा’ लिहिलं तर पहिला फोन तुम्हाला हर्णैहूनच येईल. मग 54 देशांच्या खंडाला एकच वेश, आणि तोही झाडावरून ओरबाडलेला, असं का?

मी हर्णैला शिवणक्लास चालवते. लग्न झाल्यावर सुरुवातीची काही वर्षं, 1980 च्या दशकात, मी केनियातल्या मोम्बासाला राहिले. आमचे मिस्टर तिथे एका वर्कशॉपमध्ये डिझेल इंजिनं दुरुस्त करायचे. त्यांच्या आधी माझे सासरे बोटीवर होते. मुंबईहून आफ्रिकेला जाणाऱ्या ‘कंपाला’ आणि ‘करंजा’ या बोटींवर त्यांनी नोकरी केली, त्यामुळे आमच्या घरात मोम्बासा, झांजिबार, दारेसलाम ही आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची नावं खेड-चिपळूणसारखी घेतली जायची. मी कुणी अभ्यासक नाही. पण कापड हा माझा धंदा आहे, आणि त्या किनाऱ्यावरच्या बाया जे कापड नेसतात ते मी हातात घेतलेलं आहे, कापलेलं आहे, टीप मारलेलं आहे.

त्या कापडाचं नाव कांगा. केनियाच्या किनाऱ्यावर त्यालाच लेसोही म्हणतात. सुती, चौकोनी, साधारण दीड मीटर लांब आणि एक मीटरहून थोडं जास्त रुंद. शिवण नाही, बटण नाही, नाडी नाही. चारही बाजूंनी रुंद काठ असतो, त्याला पिंडो म्हणतात. मधल्या भागाला म्जी म्हणतात. तिथे काहीही असेल : काजूची फळं, कोंबडा, कंदील, नुसते ठिपके, कधी कधी देशाच्या राष्ट्राध्यक्षाचा चेहरासुद्धा. अमेरिकेत ओबामा निवडून आले तेव्हा त्यांचा चेहरा आणि अभिनंदन छापलेला कांगा निघाला होता, कारण त्यांचे वडील केनियाचे. आणि मधल्या भागाच्या खालच्या अंगाला, काठाच्या जरा वर, स्वाहिली या त्या किनाऱ्याच्या भाषेत एक ओळ छापलेली असते. तिला जिना म्हणतात, म्हणजे कांग्याचं नाव. काठ, मधला भाग आणि नाव, या तीन गोष्टी असल्या तर तो कांगा. काठ नसलेलं, नाव नसलेलं, जाडसर छापील कापड असेल तर ते किटेंगे, ते निराळं. पुरुष लुंगीसारखं गुंडाळतात ते पट्ट्यापट्ट्यांचं, टोकाला दशा असलेलं विणीचं कापड म्हणजे किकोय, तेही निराळं. तिथली सहा वर्षांची पोरगी तुम्हाला हा फरक सांगेल.

कांगा जोडीने विकतात. जोडीला दोटी म्हणतात. एकाच लांब तुकड्यावर दोन कांगे शेजारी शेजारी छापलेले असतात, ते मधून कापायचे आणि कडा दुमडून शिवून घ्यायच्या. मोम्बासाच्या बियाशारा स्ट्रीटवर दोन्ही बाजूंना कांग्याचीच दुकानं आहेत, आणि त्यांच्या पायऱ्यांवर पायमशीन घेऊन बसलेले शिंपी असत. तुम्ही दुकानात पैसे मोजेपर्यंत हा माणूस दोटी मधून कापून चारही कडांना टीप मारून हातात ठेवायचा. इतक्या वेगाने सरळ टीप मारणारा माणूस मी त्यानंतर पाहिलेला नाही, आणि माझ्या हाताखालून पोरी काही थोड्या गेलेल्या नाहीत. नव्या कांग्याला खळ असते, ती धुऊन काढल्याशिवाय कापड अंगाला बसत नाही. मग त्याला उदाचा धूर द्यायचा. त्या गल्लीत दुपारी उदाचा आणि तळलेल्या माशाचा वास एकमेकांत मिसळलेला असायचा. हर्णैच्या बाईला त्यातला निम्मा वास घरचाच वाटायचा.

नेसायचं कसं? एक कांगा कमरेला किंवा काखेखाली गुंडाळून टोक आत खोचायचं, दुसरा डोक्यावरून खांद्यावर. बाहेर जाताना किनाऱ्यावरच्या मुसलमान बाया वर काळा बुईबुई, म्हणजे बुरख्यासारखा झगा, घालत, पण घरात, अंगणात, विहिरीवर, शेजारणीकडे कांगाच. त्यातच तान्हं पोर पाठीला बांधायचं. बाजारातून आणलेलं त्यातच गाठोड्यात बांधायचं. रात्री तोच अंगावर. जुना होऊन मऊ झाला की बाळंतिणीसाठी राखून ठेवायचा, कारण बाळ पहिल्यांदा ज्यात गुंडाळतात ते कापड मऊच हवं. लग्नात किसुतु नावाचा लाल, काळा आणि पांढरा असा जुन्या धाटणीचा कांगा नवरीला लागतोच. घरच्या बायकांनी सगळ्यांनी मिळून एकाच नक्षीचा कांगा घेऊन लग्नात मिरवायचं, हीही तिथली हौस. आणि बाई गेली की तिला अंघोळ घालताना आडोशालाही कांगेच. आमच्या गल्लीतली एक म्हातारी वारली तेव्हा शेजारपाजारच्या बाया काही न बोलता आपापल्या घरातून एकेक कांगा घेऊन आल्या. मी रिकाम्या हाताने गेले होते. एकीने तिच्याकडचा दुसरा माझ्या हातात दिला.

आता त्या ओळीबद्दल, कारण खरी गंमत तिथे आहे.

दुकानात गेलेली बाई आधी रंग बघत नाही, ओळ वाचते. वाचता येत नसेल तर दुकानदाराला वाचायला लावते. नक्षी कितीही सुरेख असली आणि ओळ मनासारखी नसली तर बाई तो कांगा घेत नाही. कारण तो नेसला म्हणजे ती ओळ तुम्ही चारचौघांत बोललात. काही ओळी देवाच्या असतात : ‘सिसी सोते आबिरिया, देरेवा नि मुंगु’, आपण सगळे प्रवासी, ड्रायव्हर देव. काही शहाणपणाच्या : ‘वेमा हाउओझी’, चांगुलपणा कुजत नाही. काही आईबापांच्या, काही नवऱ्याला लाडीगोडी लावणाऱ्या. आणि बऱ्याचशा भांडणाच्या.

आमच्या समोरच्या घरात दोन जावा होत्या. काय बिनसलं होतं ते मला कधीच नीट कळलं नाही, पण बोलणं बंद होतं. एके सकाळी धाकटीने धुतलेला कांगा असा वाळत घातला की ओळ थेट थोरलीच्या खिडकीसमोर यावी. ओळ होती : ‘नाओगोपा सिंबा ना मेनो याके, सिओगोपी म्तु क्वा मानेनो याके’. मी सिंहाला त्याच्या दातांसाठी भिते, माणसाला त्याच्या बोलण्यासाठी भीत नाही. थोरली काही बोलली नाही. बोलणार कशी? धुणं वाळत घातलंय, त्यात काय वाईट? चारपाच दिवसांनी थोरली नवा कांगा नेसून अंगणात तांदूळ निवडायला बसली, धाकटीकडे पाठ करून, म्हणजे ओळ नीट वाचता येईल अशी : ‘म्धानिआये न्दिये, कुंबे सिये’. तुला जी वाटते ती ही नव्हेच. म्हणजे तू माझ्यावर संशय घेतेस, पण चहाडी करणारी भलतीच आहे. आख्ख्या गल्लीने वाचलं आणि त्या भलतीचा शोध सुरू झाला. दोघी जावा पुढच्या ईदला एकत्र बसून शेवया करत होत्या.

आपल्याकडे जात्यावर बसून सासूचं गाऱ्हाणं ओवीत घालायची सोय होती. सासूला ऐकू जायचं, पण ओवी म्हटल्याबद्दल तिला भांडता यायचं नाही. कांग्याचं काम तेच. फरक इतकाच की ओवी पिठाबरोबर संपायची, कांगा मात्र दिवसभर अंगावर असतो.

मलाही एक मिळाला. तेव्हा दाभोळ, अंजर्ले, बाणकोट इकडची सगळी पोरं आखातात निघाली होती. पत्रं यायची की अमका दुबईला गेला, तमक्याने कुवेतहून टेपरेकॉर्डर आणला. मिस्टरांच्याही मनाने घेतलं की मोम्बासा सोडायचं आणि दुबई गाठायची. का, तर सगळे जातात म्हणून. मी शेजारणीकडे कुरकुर केली असेन. मला तिची भाषा जेमतेम येत होती, तिला माझी अजिबात नाही. दोन दिवसांनी तिने मला एक दोटी आणून दिली, निळी, पांढऱ्या काठाची. ओळ होती : ‘उसिसाफिरीए न्योता या म्वेंझिओ’. दुसऱ्याच्या ताऱ्यावर गलबत हाकारू नकोस. मिस्टर घरी आले, त्यांनी ओळ वाचली, हसले, आणि तीन महिन्यांत दुबईला गेले. ते असो. पुढे मी गावी परतल्यावर ती सासऱ्यांना वाचून दाखवली, तेव्हा त्यांना अर्थ सांगावा लागला नाही. आयुष्य पाण्यावर गेलेल्या माणसाला तारा चुकणं म्हणजे काय ते ठाऊक होतं. त्यांनी तो कांगा उन्हात धरून काठ पाहिला आणि म्हणाले, छपाई चांगली आहे, रंग उतरणार नाही. उतरलेला नाही.

हे कापड आलं कुठून, तेही सांगते, कारण त्यात आपलाही हात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्या किनाऱ्यावर अमेरिकेतल्या सेलम बंदरातून कोरं, जाडंभरडं सुती कापड यायचं. आपण ज्याला मांजरपाट म्हणतो तसलं. तिथे त्याचं नावच मेरिकानी पडलं. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, कापूस अडकला, आणि ती बाजारपेठ इतरांना मोकळी झाली. पुढे त्यात मुंबईच्या गिरण्यांचा मालही झांजिबारला उतरू लागला. त्या गिरण्यांत राबणाऱ्यांत सगळ्यांत मोठा भरणा आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसांचा होता, हे आपल्या वाचकांना मी सांगायला नको. प्रत्येकाच्या घरात एखादा आजोबा गिरणीत असतोच.

मेरिकानी आणि कानिकी, म्हणजे निळीत बुडवलेलं काळपट कापड, हे गुलामांचं आणि गरिबांचं नेसणं होतं. झांजिबारमध्ये माणसांचा उघड बाजार भरायचा. तो 1873 साली बंद झाला. गुलामगिरी कायद्याने रद्द व्हायला 1897 उजाडलं. त्याच सुमाराला रंगीत छापाचे कांगे किनाऱ्यावर पसरत होते. त्याची गोष्ट अशी सांगतात की पोर्तुगीज धाटणीचे मोठे छापील रुमाल थानातून न कापता आणायचे, सहा रुमालांचा तुकडा घ्यायचा, तीन-तीनच्या दोन पट्ट्या करायच्या आणि त्या एकमेकींना जोडून मोठं वस्त्र करायचं. ही युक्ती बायकांचीच. लेसो हे नाव त्या रुमालांवरून आलं. कांगा हे नाव पडलं ते पहिल्या छापांवरच्या ठिपक्यांमुळे. त्या भाषेत कांगा म्हणजे गिनी कोंबडी, अंगभर ठिपके असलेली. ज्या बाईला मालकाने दिलेलं एकरंगी कापड काखेखाली गुंडाळून, उघड्या डोक्याने वावरावं लागत होतं, ती सुटल्यावर बाजारात गेली आणि स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या आवडीच्या रंगाची जोडी घेऊन आली. एक कमरेला, दुसरा डोक्यावरून. सुटका झाली हे लोकांना सांगायला तिला तेवढं पुरलं.

सिती बिंती साद ही त्या काळातली झांजिबारची गायिका. फुंबा नावाच्या खेड्यात, गुलाम आईबापांच्या पोटी तिचा जन्म. आधी मडकी विकायची, ती शहरात येऊन तारब, म्हणजे त्या किनाऱ्याचं गाणं, गाऊ लागली. 1928 साली ती आपल्या साथीदारांबरोबर बोटीने मुंबईला आली आणि ग्रामोफोन कंपनीने तिची गाणी तबकड्यांवर घेतली. स्वाहिलीतली ती सुरुवातीची ध्वनिमुद्रणं आपल्या मुंबईत झाली, संपादक महोदय. आणि मुंबईच्या गोदीवर तेव्हा हमाल आणि खलाशी कुठले असायचे, हेही आपल्याला ठाऊक आहे.

कांग्यावर ओळ छापायची चाल विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. तिचं श्रेय मोम्बासाचे व्यापारी कादरदीना हाजी एसाक यांना देतात. 1887 साली सुरू झालेल्या त्यांच्या पेढीच्या कांग्यांवर ‘माली या अब्दुल्ला’ अशी खूण असते, अब्दुल्लाचा माल. आधी या ओळी अरबी लिपीत छापल्या जायच्या, पुढे रोमन लिपीत. छपाई मात्र वेळोवेळी दुसरीकडे होत आली : हॉलंड, इंग्लंड, जपान, भारत. गुजरातेत जेतपूरला आजही हे कापड छापलं जातं आणि बोटीत चढतं. बियाशारा स्ट्रीटवर कापडाची घडी उलटी करून मी भारताचं नाव वाचलेलं आहे, आणि परदेशात ते वाचून ऊर भरून येतो तसा माझाही आला होता. छापतं कुणीही, पण काय छापायचं ते तिथल्या बाया ठरवतात. त्यांना न आवडलेला माल दुकानात पडून राहतो. एवढा धाक आमच्या तालुक्यातल्या कुठल्या कापड दुकानदाराला बायकांचा आहे?

आणि तो मुलूख लांबचा आहे असं म्हणायचं असेल तर आधी वाऱ्याला विचारा. थंडीत ईशान्येचा वारा सुटला की इकडची गलबतं तिकडे जायची, आणि पावसाच्या तोंडाला वारा फिरला की परत. मसूदी नावाचा अरब प्रवासी दहाव्या शतकात आपल्या चौलला येऊन गेला आणि आफ्रिकेच्या त्या किनाऱ्यालाही जाऊन आला. एकाच माणसाच्या लिखाणात दोन्ही किनारे आहेत. तेव्हा नागपूर आपल्याला मोम्बासाहून लांब होतं म्हटलं तरी चालेल.

एक खुलासा करते, नाहीतर कुणीतरी जंजिऱ्याचं नाव घेईल. मुरुडच्या सिद्दींचे पूर्वज हबसाणातले, म्हणजे आजच्या इथिओपियाकडचे, तो मुलूख वेगळा. कांगा त्यांचा नव्हे. इथिओपियाच्या बायकांचं नेसणं म्हणजे हातमागाचं पांढरं तलम सूत, काठाला रंगीत विणकाम, आणि अंगावरून नेतेला नावाची पांढरी ओढणी. पण काजळीचा विषय निघालाच आहे तर सांगते : समुद्रातला तो किल्ला भल्याभल्यांना दाद न देता ज्यांनी सांभाळला आणि 1948 पर्यंत ज्यांचं संस्थान होतं, त्यांची लेकरं आपल्याच किनाऱ्यावर शाळेत जातात. त्यातल्या एखाद्याने तुमचा तो फोटो पाहिला असेल. त्याला काय वाटलं असेल, ते आपल्या जिल्हा प्रतिनिधीने जाऊन विचारावं.

बाकीच्या आफ्रिकेत मी गेलेली नाही, पण कापडवालीचे कान उघडे असतात. घानाचा केंटे हा अरुंद पट्ट्या विणून, त्या कडेला कडा जोडून केलेला, आणि प्रत्येक नक्षीला नाव असलेला. सेनेगलचा बुबू म्हणजे पायघोळ, ऐसपैस झगा, त्याच्या गळ्याचं भरतकाम बघून माझी मशीन शरमेल. मसाई लोकांची लाल चौकड्यांची शुका तर आपण टीव्हीवर शंभरदा पाहिलेली आहे. आणि पानांचंच म्हणाल, तर काँगोतले कुबा लोक राफिया नावाच्या ताडाच्या पानांचे धागे काढतात, ते मागावर विणतात आणि त्यावर असं भरतात की हात लावला तर मखमल वाटावी. झाडाची पानं सुतळीने कमरेला बांधणं आणि हे, यांत कारागिरीचं जे अंतर आहे ते माझ्या क्लासमधल्या पहिल्या महिन्याच्या पोरीलाही दिसेल.

तर मागणं एवढंच आहे. यापुढे असा फोटो आला तर खाली कपड्याचं नाव आणि मुलूख लिहा. ‘स्वाहिली किनाऱ्यावरचा कांगा नेसलेली विद्यार्थिनी’, एवढं पुरे. नाव सापडत नसेल तर शाळेला फोन करून विचारा, आणि शाळेलाही सांगता येत नसेल तर तो फोटो राहू दे, मावळ्याचा मोठा छापा. तोंडाला काळं फासलेला फोटो मात्र कुठल्याही नावाने छापू नका.

शाळेतल्या बाईंसाठी थोडं व्यवहाराचं. आपल्या दुकानात 44 इंच पन्ह्याचं पॉपलीन मिळतं. कांग्याची रुंदी जवळपास तेवढीच असते, त्यामुळे काही वाया जात नाही. मोठ्या मुलीला जोडीसाठी तीन मीटर घ्या, मधून कापा, चारही कडा बारीक दुमडून शिवा. लहान मुलीला लांबी-रुंदी दोन्ही कमी करा, नाहीतर पायात अडकून स्टेजवर पडेल. काठ आधी आखून घ्या, चारही बाजूंनी, वीतभर नको, चार बोटं पुरे. मधे बटाट्याचा ठसा करून ठिपके उठवा किंवा एक मोठं काजूफळ काढा. काजू तिथेही आहे आणि इथेही, पोरांना काढायला सोपं. खाली मधोमध पांढरी चौकट सोडून त्यात ओळ लिहा, देवनागरीत लिहिली तरी चालेल. नेसवताना ओळ मागून सरळ वाचता आली पाहिजे, उलटी आली की सगळं मुसळ केरात. मोम्बासाच्या बाया पिन लावत नाहीत, पण स्टेजवरच्या मुलीला आतून एक सेफ्टी पिन लावाच. आणि मुलीला ओळीचा अर्थ पाठ करायला सांगा. परीक्षकाने विचारलं तर तिने सांगितला पाहिजे. भांडणाची ओळ निवडली तर टाळ्या जास्त पडतील, हा माझा अंदाज.

कुणाला खरा कांगा बघायचा असेल तर माझ्याकडे ट्रंकेत आहेत. शाळेने सांगून यावं, दुपारी तीननंतर क्लास मोकळा असतो, शुक्रवार सोडून. हात धुऊन यावं. नेसून बघायला देईन, घरी न्यायला देणार नाही.

आपली नियमित वाचक,
हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी
(नाव छापू नये, ते आपल्या कचेरीत कळवलेलं आहे.)

ता. क. : रंग कापडावरचाच घ्या, पोस्टरचा नको. आणि लाल रंग वापरलात तर नेसवण्याआधी तो पुरता वाळवून उलट्या बाजूने गरम इस्त्री फिरवा, नाहीतर संमेलनानंतर पोरीच्या आईचं उत्तर तुम्हाला कांग्याशिवायच ऐकावं लागेल.